वाचकांचे प्रश्न : गुडघ्याची ‘झीज’ आणि सांध्यातील भक्षक पेशी

प्रश्न : मी ५९ वर्षांची असून गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. चार वर्षांपासून उजवा गुडघा दुखतो. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘हाडांची झीज’ असे निदान केले. आमवात व शरीरातील दाह (सूज) शोधणाऱ्या रक्ताच्या आरए फॅक्टर, ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या मात्र व्यवस्थित आल्या. अलीकडे वाचनात आले की, या दुखण्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही हात असतो. रक्त ठीक असताना हे कसे? आणि तसे असल्यास प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे घ्यावेत का? झीज वाढू नये म्हणून मी जिन्याची ये-जा जवळजवळ बंदच केली आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, म्हणून आधी ‘झीज’ या शब्दाविषयी लिहिते. हा शब्द आम्ही डॉक्टरच रुग्णांच्या तोंडी घातला आहे आणि त्याने बरेच नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ऐकला की गुडघा म्हणजे चपलेचा तळवा, जितका वापरावा तितका झिजणार, असे वाटू लागते आणि माणूस चालणेच सोडतो. सांधा मात्र जिवंत असतो. त्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यासाठी हालचाल लागते.

आता पेशींविषयी. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते आणि वंगणाचे काम करणारा द्रव तेच तयार करते. या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी निरोगी माणसातही असतात. सांध्यातला कचरा गिळणे आणि तिथली शांतता टिकवणे हे त्यांचे रोजचे काम. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका संशोधनात तर असे दिसले की, यांपैकी काही पेशी एकमेकींना घट्ट बिलगून अस्तरावर तटबंदीसारखा थर उभा करतात. म्हणजे मुळात या पेशी आपल्या बाजूच्याच आहेत.

बिघाड सुरू होतो तो कूर्चेचे सूक्ष्म तुकडे सुटू लागल्यावर. त्यामागे वाढते वय असेल, वजन असेल किंवा तरुणपणी पडून झालेली एखादी दुखापत असेल. भक्षक पेशी हे तुकडे गिळतात. परंतु त्यांच्या पृष्ठभागावर जंतू ओळखण्यासाठी जे टोल-लाइक रिसेप्टर असतात, ते या तुकड्यांनाही धोक्याची खूण समजतात. मग पेशी इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ यांसारखी दाह वाढवणारी रसायने सोडतात, त्यांच्या प्रभावाखाली कूर्चेतील पेशी कोलॅजन (कूर्चेला बळकटी देणारे प्रथिन) तोडणारी विकरे (एन्झाइम) बनवू लागतात, त्यातून आणखी तुकडे सुटतात आणि हे चक्र फिरत राहते. गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची एक छोटी गादी असते. तीही अशीच रसायने सोडून त्यात भर घालते. याच रसायनांमुळे वेदनेच्या नसा अधिक हळव्या होतात. एक्स-रे फारसा वाईट नसताना एखाद्याला असह्य दुखते आणि वाईट एक्स-रे असलेला दुसरा आरामात फिरतो, याचे एक कारण यात सापडते.

आपण मुंबईच्या आहात, तेव्हा परळची हाफकिन संस्था आपणांस ठाऊक असेल. ज्यांचे नाव तिला दिले आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे ओडेसातील गुरू इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी जमलेल्या दिसल्या. भक्षक पेशींची ओळख जगाला इथून झाली आणि १९०८ मध्ये मेचनिकोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सांगण्याचे कारण असे की, या पेशींना गोळा व्हायला जंतूच लागतो असे नाही, काटाही पुरतो. आपल्या गुडघ्यात कूर्चेचा तुकडा त्या काट्याच्या जागी आहे.

रक्त ठीक येते, कारण हा दाह मंद असतो आणि बहुतांशी सांध्यापुरताच राहतो. सुजलेल्या गुडघ्यातून पाणी काढले तर फरक डोळ्यांना दिसतो. झिजेच्या या विकारात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) सिरिंजमध्ये येणारा द्रव पिवळसर पण स्वच्छ असतो, नळीमागे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता येतात आणि दोन बोटांत धरून ताणला तर त्याची तार निघते. त्यात पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला साधारणतः २,००० पेक्षा कमी असतात. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हाच द्रव गढूळ आणि पाण्यासारखा पातळ येतो आणि पेशींची संख्या कितीतरी जास्त भरते, कारण तिथे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यावर उलटलेली असते. टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपल्या प्रकारच्या विकारातही अस्तरात आढळतात, परंतु त्यांचा जोर एवढा नसतो.

म्हणून काढ्यांना माझे उत्तर ‘नको’ असे आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिला उगाच चिथावणी मिळते आहे. तिला औषधाने दडपणेही सोपे ठरलेले नाही. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ यांना रोखणारी औषधे या विकारात वापरून पाहिली गेली, पण अपेक्षेइतका आराम पडला नाही.

चिथावणी कमी करण्याचे मार्ग मात्र आपल्या हाती आहेत. वजन जास्त असल्यास १ किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. शिवाय चरबीतून येणारी दाहकारक रसायनेही घटतात, हा फायदा सहसा कोणी सांगत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावा आणि सपाट रस्त्यावर चालावे. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे तेवढे टाळावे. गुडघा अचानक लाल व गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला मधुमेह आहे. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर तिला महिनाभर फार बरे वाटले. दर तीन महिन्यांनी ते घेत राहावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नियम म्हणून घेऊ नये. स्टिरॉइड या भक्षक पेशींना काही आठवडे शांत करते, म्हणून आराम पडतो. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० रुग्णांना दोन वर्षे दर १२ आठवड्यांनी स्टिरॉइड किंवा नुसते मिठाचे पाणी टोचले, तेव्हा स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक पातळ झाली आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही. गुडघा खूप सुजला असता किंवा दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसता एखादे इंजेक्शन घेण्यास माझी हरकत नाही. त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून आठवडाभर ती घरीच तपासत राहावी.

जिन्याबाबत दोघांनाही सांगते : कठडा धरावा, चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर ठेवावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा.