हँडिकॅपर नेमका कोण?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींवरचा एक लेख मराठीत आणताना एक वाक्य अडलं. त्यातले गृहस्थ सकाळी चहा-नाश्ता करता करता दिवसभराच्या नऊ शर्यतींचं 'हँडिकॅपिंग' करतात आणि दुपारी त्यांतल्या तीनच शर्यतींवर पैसे लावतात. लेखात त्यांना 'हँडिकॅपर' म्हटलं आहे. मुंबई-पुण्याच्या रेसच्या बातम्यांत मात्र हँडिकॅपर हा क्लबचा अधिकारी असतो. मग घरी बसून पेन्सिल चालवणारा हा माणूस अधिकारी कसा? शब्दाचा अपंगत्वाशी काही संबंध आहे का? आणि मराठीत लिहायचं काय?

दोन्ही अर्थ खरे आहेत, देश वेगळे आहेत. इंग्लंडात, आणि इंग्रजांकडून रेस शिकलेल्या आपल्याकडे, हँडिकॅपर म्हणजे कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं हे ठरवणारा माणूस. अमेरिकेत हा शब्द अधिकाऱ्याच्या खोलीतून प्रेक्षकांत आला. तिथे शर्यतीचा अभ्यास करून कोण जिंकेल याचा अंदाज बांधणारा, मग तो वर्तमानपत्रातला टिपस्टर असो की तिकीट काढणारा साधा माणूस, हँडिकॅपर म्हणवला जातो. तुमचे गृहस्थ या दुसऱ्या जातीचे.

शब्दाचा उगम घोड्यांत नाही, अदलाबदलीत आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात, नावाचा एक खेळ होता. दोघांना आपापल्या वस्तू बदलायच्या असत. तिसरा पंच. तो दोन्ही वस्तू पारखून सांगे की हलक्या वस्तूच्या मालकाने वर इतके पैसे द्यावेत, म्हणजे सौदा बरोबरीचा होईल. तिघांनीही टोपीत थोडी रक्कम टाकलेली असे. मग ते दोघे टोपीत हात घालून एकदमच बाहेर काढत. हातात काय आहे यावरून कोणाला सौदा मान्य आणि कोणाला अमान्य ते कळे. दोघांचं मत जुळलं, हो म्हणून किंवा नाही म्हणून, तर टोपीतली रक्कम पंचाची. एकच राजी असेल तर रक्कम त्या राजी असलेल्याची. पंचाला म्हणून अगदी काट्यावरचा निवाडा देण्यातच फायदा. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत १६६० साली या खेळाचा उल्लेख आहे, आणि तो त्याला तेव्हा नवाच होता. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी किंमत ठरवणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा टोपीतला हात परका वाटणार नाही.

अठराव्या शतकात हीच पंचगिरी घोड्यांच्या शर्यतीत आली. दोन घोडे पळवायचे, एक सरस आणि एक साधारण. पंच ठरवणार की सरस घोड्याने किती जास्त वजन घ्यावं. १७९१ साली अ‍ॅस्कॉटला ओटलंड्स हँडिकॅप झाली तोवर एकाच शर्यतीत अनेक घोड्यांना असं तोलून वजन देण्याची पद्धत सुरू झाली होती. १८५५ मध्ये अ‍ॅडमिरल राऊस हे इंग्लंडातल्या रेसचा कारभार पाहणाऱ्या जॉकी क्लबचे सार्वजनिक हँडिकॅपर झाले आणि हे काम एका कर्तबगार माणसाच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं.

अपंगत्वाचा अर्थ फार उशिरा आला. आधी 'वर लादलेला भार', मग 'कोणतीही अडचण', आणि विसाव्या शतकात कुठे 'शारीरिक अडचण'. हातात टोपी घेऊन भीक मागणाऱ्या जायबंदी सैनिकांवरून हा शब्द आला अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे. गोष्ट मोठी चटका लावणारी आहे, म्हणूनच ती इतकी पसरते. शब्दांच्या बाबतीत मन हेलावणाऱ्या व्युत्पत्तीवर आधी संशय घ्यावा.

मराठीत घोळ होतो तो इथेच, कारण आपण हा शब्द शेवटच्या अर्थानेच उचलला. 'स्कूटर बिघडली, दोन दिवस अगदी हँडिकॅप झालो' असं आपण सहज बोलतो. म्हणजे हँडिकॅप झालेला तो लंगडा पडलेला. रेसकोर्सवर उलट आहे. सगळ्यात मोठा हँडिकॅप, म्हणजे सगळ्यात जास्त वजन, सगळ्यात चांगल्या घोड्याच्या पाठीवर असतं. त्याला 'टॉप वेट' म्हणतात. एखाद्या बातमीत 'इतका मोठा हँडिकॅप असूनही घोडा जिंकला' असं वाचून तो दुखापतीतून उठला होता असं समजू नका. तो त्या शर्यतीतला सर्वांत वरचढ मानला गेलेला घोडा होता.

महालक्ष्मीला हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय अमेरिकन अर्थाकडे जाता येत नाही. १८८३ पासून तिथे रेस चालते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं, म्हणजे हँडिकॅपरने त्याच्या कामगिरीवरून दिलेले गुण. त्यावरून वर्ग पडतात: रेटिंग २० ते ४६ म्हणजे चौथा वर्ग, ४० ते ६६ तिसरा, ६० ते ८६ दुसरा. एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब. तिसऱ्या वर्गाच्या शर्यतीत ६६ चा एक घोडा आणि ४६ चा दुसरा असेल तर फरक वीस गुणांचा, म्हणजे दहा किलोंचा. वरच्याला ६० किलो मिळाले तर खालच्याला ५०. जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करतात आणि कमी पडेल तेवढं शिसं घोड्याच्या पाठीवरच्या कापडाच्या खिशांत भरतात. शर्यत संपल्यावर पुन्हा वजन. जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग चढतं, सतत हरणाऱ्याचं उतरतं. (रेटिंग उतरावं म्हणून घोडा मुद्दाम 'खेचला' अशी कुजबुज जगातल्या प्रत्येक रेसकोर्सवर असते. असे प्रकार रोखायला स्टुअर्ड, म्हणजे शर्यतींवर देखरेख ठेवणारे अधिकारी, असतात.)

सगळ्याच शर्यती हँडिकॅप नसतात. फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी घ्या. १९४३ साली ती पहिल्यांदा झाली आणि प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची ही शर्यत. तिथे वजन लिंगावरून ठरतं, मादीला दीड किलोची सूट. आधी किती शर्यती जिंकल्या याचा भार कोणावर नाही. डर्बीत सर्वोत्तम घोडा कोणता ते शोधायचं असतं. हँडिकॅपमध्ये सगळे घोडे एका ओळीत यावेत असा प्रयत्न असतो. भारतीय अर्थाच्या हँडिकॅपरची स्वप्नातली शर्यत म्हणजे बाराही घोडे एकाच क्षणी निशाणीवर पोचलेले.

आता तुमचे अमेरिकन गृहस्थ. हे त्याच हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला बसले आहेत. अधिकाऱ्याने सगळ्यांना समान केलं असं कागदावर दिसतं. ते कुठे फसलं आहे हे शोधणं पैसे लावणाऱ्याचं काम. एकजण तराजू समतोल करतो, दुसरा त्यातला पासंग हुडकतो. त्यासाठी त्याला सगळी आकडेमोड पुन्हा स्वतः करावी लागते, म्हणून तोही हँडिकॅपिंगच करतो.

हे अमेरिकेतच का झालं? माझ्या मते कारण तिथल्या शर्यतींच्या घडणीत आहे. अमेरिकेत हँडिकॅप शर्यतींची वजनं 'रेसिंग सेक्रेटरी' ठरवतो, आणि रोजच्या शर्यतींपैकी पुष्कळशा 'क्लेमिंग' प्रकारच्या असतात: शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा जाहीर किमतीला विकत घेता येतो. दहा हजार डॉलरच्या शर्यतीत पन्नास हजारांचा घोडा कोणी उतरवणार नाही, कारण तो दहा हजारांत जाईल. बरोबरी वजनाऐवजी किमतीने साधली जाते. वजन देणाऱ्या अधिकाऱ्याचा असा रोजचा बोलबाला नसल्यावर त्याचं नाव मोकळंच होतं, ते लोकांनी घेतलं. १८९४ पासून निघणाऱ्या 'डेली रेसिंग फॉर्म'सारख्या वर्तमानपत्राने घोड्यांच्या मागच्या शर्यतींचे तपशील घरोघर पोचवले. पुढे अँड्र्यू बायर यांनी वेगाचे आकडे काढण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि १९९२ पासून ते आकडे त्याच पत्रात छापून येऊ लागले. ज्याच्या हातात पेन्सिल तो हँडिकॅपर.

तो सकाळी काय करतो? घोडा वरच्या वर्गातून खाली उतरला आहे का ते पाहतो. मागच्या वेळी १२०० मीटर पळाला, आज १६०० आहे. दमसास पुरेल का? कितव्या नंबरच्या गेटवरून सुटणार? माती सुकी की ओली? जॉकी बदलला का? वजनाचं एक ढोबळ परिमाण जुने लोक वापरतात: हजार मीटरच्या आसपास एका लांबीला सुमारे दीड किलो, मैलाला साधारण एक, त्याहून लांब शर्यतीत अर्धा-पाऊण. 'लांबी' म्हणजे घोड्याची लांबी. मागच्या खेपेला मैलात दोन लांबींनी हरलेल्याला या वेळी जिंकणाऱ्यापेक्षा तीन किलो सूट जास्त मिळाली, तर कागदावर तरी तो पुढे येतो. कागदावर हा शब्द इथे महत्त्वाचा.

यानंतर तिकीट काढण्याचं ठरतं, आणि तुमच्या वाक्यातल्या 'नऊपैकी तीन'चा अर्थ इथे आहे. कोण जिंकेल एवढं कळून भागत नाही, भाव काय मिळतो ते पाहावं लागतं. एखादा घोडा चारांत एकदा जिंकेल असा त्याचा अंदाज असेल तर एकाला तीन हा बरोबरीचा भाव. बोर्डावर एकाला पाच दिसला तर तो लावतो. एकाला दोन असेल तर घोडा कितीही आवडता असो, सोडतो. सगळ्यांचा आवडता घोडा, फेव्हरिट, ढोबळमानाने तीनांतली एक शर्यत जिंकतोच, पण त्याचा भाव सगळ्यांनीच चेपलेला असतो. टोटवर, म्हणजे क्लबच्या तिकीटखिडकीवर, तर हे अगदी उघड दिसतं, कारण तिथे भाव म्हणजे इतर लोकांनी लावलेला पैसाच, वर क्लबची कपात आणि कर. सहा शर्यती सोडून देणं हाही त्या माणसाचा निर्णय आहे, आळस नव्हे. अनुवादात तो 'निवडला' या क्रियापदात दिसला पाहिजे.

हे कौशल्य की जुगार, यावर १९९६ साली तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला: घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कारण घोड्याची जात, तयारी, जॉकी, आधीची कामगिरी यांचा विचार करता येतो. म्हणून 'जुगारी' किंवा 'सटोडिया' हे शब्द तुमच्या गृहस्थांना लावू नका. मटक्याचा आकडा लावणाऱ्याकडे विचार करण्यासारखं काही नसतं, यांच्याकडे असतं. विचार करूनही माणूस हरतो, हा भाग वेगळा.

प्रतिशब्दांकडे येतो. अधिकाऱ्यासाठी 'हँडिकॅपर' तसाच ठेवावा. फार तर पहिल्यांदा 'वजनं ठरवणारा अधिकारी' असं सांगून टाकावं. 'तुल्यभार शर्यत' असा शब्द घडवता येईल, अर्थाला चोख आहे, पण तो रेसकोर्सवर कोणी उच्चारणार नाही आणि वाचकही अडखळेल. 'अपंग शर्यत' तर कोणत्याही परिस्थितीत नको.

अमेरिकन अर्थासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे: आडाखा. अनुभव आणि निरीक्षण यांवरून बांधलेला अंदाज. 'पावसाचे आडाखे', 'निवडणुकीचे आडाखे' आपण म्हणतोच. 'नऊ शर्यतींचे आडाखे बांधले' हे वाक्य कुठेही खडखडत नाही. माणसाला 'आडाखे बांधणारा' म्हणावं. 'आडाखेबाज' मला मोहात पाडतो, पण 'बाज' लावला की जरा खोडकर छटा येते. लेखाचा सूर विनोदी असेल तरच वापरा. बोलीत हवं असेल तर 'घोडा काढणे' आहे. घोडा आधी काढायचा, मग लावायचा, मग तो लागतो किंवा लागत नाही.

'पंटर' हा शब्द टाळा. इंग्रजीत तो पैसे लावणारा कोणीही, आधी पत्त्यांच्या डावात बँकेविरुद्ध खेळणारा आणि नंतर रेसवाला. मुंबईच्या भाषेत मात्र तो केव्हाच 'आपला माणूस', 'भाईचा हस्तक' झाला आहे. नाश्त्याच्या टेबलावरचे तुमचे गृहस्थ उगाच टोळीत सामील व्हायचे.

माझं वाक्य असं होईल: 'नाश्ता होईतो त्यांनी नऊही शर्यतींचे आडाखे बांधून ठेवले होते, आणि त्यांतल्या तीनच पैसे लावण्याजोग्या म्हणून निवडल्या.'

लेखात पुढे 'विन, प्लेस, शो' ही तिकिटांची नावं येणारच, तेव्हा तेही आत्ताच. अमेरिकेत 'प्लेस' म्हणजे घोडा पहिल्या दोनांत आला पाहिजे आणि 'शो' म्हणजे पहिल्या तीनांत. आपल्याकडे शो नाही. शर्यतीत घोडे पुरेसे असले की प्लेसच्या तिकिटावर तिसऱ्या नंबरालाही पैसे मिळतात. त्यामुळे अमेरिकन 'शो' हा आपल्या 'प्लेस'च्या जवळचा, आणि अमेरिकन 'प्लेस' तसाच मराठीत उतरवला तर पुण्याचा वाचक तिसरा आलेला घोडाही त्यात धरेल. तिथे 'पहिल्या दोनांत' असं सरळ लिहा.