आजारपणाची रजा, फोनमधले लोकेशन आणि वैमानिक संघटना

प्रश्न : मी नागपूर तळावर सहवैमानिक असून वैमानिक संघटनेचा सहचिटणीस आहे. विश्रांतीच्या तासांबाबतच्या आमच्या मागणीवर समेट अधिकाऱ्यांपुढे (मालक व कामगार यांच्या वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे) कार्यवाही सुरू आहे. कान दुखत असल्याने मी दोन दिवस आजारपणाची रजा घेतली आणि त्याच काळात धरमपेठेत संघटनेच्या बैठकीला गेलो. कंपनीने रोस्टरच्या (कामाच्या वेळापत्रकाच्या) ॲपमधील लोकेशन व व्हॉट्सॲप गटातील माझे संदेश जोडून कारणे दाखवा नोटीस दिली आहे. हा खासगीपणाचा भंग नाही का? सहकारी माझ्या पाठिंब्यासाठी एकत्र रजा टाकायला तयार आहेत.

उत्तर : आपला संताप रास्त आहे, पण केवळ खासगीपणावर भिस्त ठेवू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला असला, तरी वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविनाही माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवलेली आहे, आणि त्या कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. गटातील संदेश एखाद्या सदस्यानेच कंपनीला दिले असतील, तर आक्षेप आणखी दुबळा होतो. मात्र ते आपल्या खासगी फोनमधून परवानगीविना काढले गेले असतील, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ लागू होऊ शकतात. म्हणून संदेश कोठून मिळाले, हे लेखी विचारा.

आपली खरी ताकद कामगार कायद्यात आहे. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ९० नुसार, समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी संबंधित गैरवर्तनाबद्दल कामगाराला बडतर्फ किंवा शिक्षा करायची असेल, तर मालकाने संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घेतली पाहिजे. कंपनीने स्वतःच बैठकीचा आणि संघटनेच्या संदेशांचा आधार घेतल्यामुळे हा संबंध तिच्याच कागदावर उतरला आहे, आणि संघटनेच्या कामाबद्दल त्रास देणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते. आपण कामगार नाही, असा बचाव कंपनी घेईल. परंतु सहवैमानिकाचे काम तांत्रिक व कौशल्याचे आहे, आणि कामगार ठरण्यासाठीची वेतनाची मर्यादा पर्यवेक्षकालाच लागू होते.

आजाराबद्दल उत्तर स्पष्ट द्या. कान बंद असलेला माणूस विमान उडवण्यास अयोग्य असतो, कारण केबिनमधील दाब बदलला की कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. मात्र तो धरमपेठेतील खोलीत बसून बोलू शकतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच तारखेचे असेल, तर लोकेशन कितीही अचूक असले तरी त्यातून खोटेपणा सिद्ध होत नाही.

सहकाऱ्यांना मात्र आजच थांबवा. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी, संघटना उभारण्यात पुढे असलेल्या दोघांना काढल्यावर, सामूहिक आजारपणाची रजा टाकली होती. याच औद्योगिक संबंध संहितेत एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच आहे, कंपनी आजारपणाची रजाही त्यातच ओढेल, आणि समेट चालू असताना संप करण्यास मनाई आहे. आज कंपनीकडे असलेला दुबळा मुद्दा आपणच तिला भक्कम करून देऊ नये.

नागपुरातील अनेकांची सवय म्हणून कोणी महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जाण्यास सांगेल, तर नम्रपणे नाही म्हणा. हवाई वाहतुकीसाठी केंद्र सरकार हेच समुचित शासन (म्हणजे कामगार वादांत अधिकार असलेले सरकार) आहे आणि केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण नागपुरातच आहे.

नोटिशीच्या मुदतीत, लोकेशनची मूळ नोंद, ॲपच्या संमतीचा मजकूर आणि संदेशांचा स्रोत मागणारे पत्र पाठवा, त्याची प्रत समेट अधिकाऱ्यांना द्या, मुदतवाढ न मिळाल्यास हक्क राखून प्राथमिक उत्तर द्या, आणि त्या गटातील एकही संदेश पुसू नका.