चित्रपटातील पात्रांच्या परस्परसंवादाचे विश्लेषण करताना नेमके काय पाहावे?

आपण विचारले आहे की, अभ्यासक्रमासाठी एका चित्रपटातील पात्रांमधील आंतरवैयक्तिक संज्ञापनाचे, म्हणजे व्यक्ती-व्यक्तींमधील संवादाचे, विश्लेषण लिहायचे आहे, पण लिहायला बसले की कथानकाचा सारांशच कागदावर उतरतो; तर नेमके पाहायचे काय? माझ्या मते ही अडचण बहुतेक वेळा निरीक्षणाचे एकक चुकल्यामुळे येते. कोण काय बोलले याच्या नोंदी केल्या की त्यांची गोष्ट होते. त्याऐवजी एकाचे बोलणे, त्याला दुसऱ्याने दिलेला प्रतिसाद आणि त्या देवाणघेवाणीनंतर दोघांच्या नात्यात पडलेला फरक, एवढे एकत्र धरून पाहिले की विश्लेषणाला सुरुवात होते.

उदाहरणासाठी मी सिडनी ल्यूमेट यांचा '१२ अँग्री मेन' (१९५७) घेतो. बासू चटर्जी यांच्या 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) या हिंदी रूपांतरामुळे त्याचे कथानक आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाविषयी निर्णय देण्यासाठी बारा ज्युरी सदस्य एका खोलीत बसतात आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपट त्या खोलीतच घडतो. बहुतेकांची नावेही आपल्याला शेवटपर्यंत कळत नाहीत, फक्त क्रमांक कळतात. त्यामुळे ही माणसे एकमेकांशी कशी वागतात याखेरीज हाताशी फारसे काही उरत नाही, आणि अभ्यासासाठी तेच सोयीचे आहे.

पहिल्या मतदानात अकरा जण मुलाला दोषी ठरवतात आणि एकटा आठवा सदस्य विरोधात हात वर करतो. थोड्या वेळाने तो गुप्त मतदान सुचवतो: आपण स्वतः मत देणार नाही, उरलेल्या अकराही जणांनी 'दोषी' लिहिले तर आपणही मान्य करू. एक चिठ्ठी 'निर्दोष' अशी निघते. ती लिहिणारा वृद्ध नववा सदस्य कारण सांगतो, ते बारकाईने ऐकावे. पुराव्याविषयी आपले मत बदलले असे तो म्हणत नाही. हा माणूस सर्वांसमोर एकटा उभा राहिला, त्याच्या हेतूचा मी आदर करतो, म्हणून त्याला साथ दिली, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन या संवादाच्या अभ्यासकांनी १९६७ साली प्रत्येक संदेशात आशयाची (काय सांगितले) एक आणि नात्याची (सांगणारा व ऐकणारा यांचे परस्परांशी काय नाते) एक अशा दोन पातळ्या असतात हे मांडले होते. येथे आशयाच्या पातळीवर अजून काहीच ठरलेले नाही, आणि तरीही नात्याच्या पातळीवर एक मत फिरले आहे. शिवाय हात वर करण्याऐवजी चिठ्ठी आल्यामुळे शेजाऱ्याच्या नजरेचा दबावही नाहीसा झाला. संवादाचे माध्यम बदलले की काय बोलता येते तेही बदलते, याची नोंद आपल्या लेखनात अवश्य असावी.

सिद्धान्तांपैकी मला या चित्रपटासाठी सर्वांत उपयुक्त वाटतो तो मानसशास्त्रज्ञ जॅक गिब यांचा १९६१ मधील विचार. समोरच्याला बचावात्मक करणारे बोलणे आणि त्याला मोकळे करणारे बोलणे असा भेद त्यांनी केला. पहिल्या प्रकारात निवाडा करणे, डावपेच लढवणे, स्वतःच्या मताची ठाम खात्री बाळगणे यांसारखी लक्षणे येतात. दुसऱ्यात केवळ वर्णन करणे, सरळपणा आणि आपले मत बदलू शकते ही तयारी. आठवा सदस्य सुरुवातीला 'मला माहीत नाही' म्हणतो, तिसरा मात्र सारे आधीच ठरवून बसलेला आहे. विद्यार्थी येथपर्यंत येतात आणि नायकाला, म्हणजे आठव्या सदस्याला, उत्तम संवादकाचे प्रशस्तिपत्र देऊन थांबतात, हे मला पटत नाही. पुराव्यातील चाकूसारखाच दुसरा चाकू खिशात लपवून आणणे आणि योग्य क्षणी तो टेबलात रोवणे हा उघड डावपेच आहे. पुढे तर तो तिसऱ्याला परपीडक म्हणून जाणूनबुजून चिडवतो. तिसरा त्याच्या अंगावर धावून जातो, इतर जण त्याला धरतात आणि तो ओरडतो, 'मी याला ठार मारीन!' असे शब्द कोणी उगाच उच्चारत नाही, हा आरोपीविरुद्धचा त्याचाच मुद्दा होता. तो त्याच्याच तोंडून कोसळतो. म्हणजे वाद येथे जिंकला गेला तो समोरच्याला बचावात्मक करून. गिब यांची चौकट जेथे पात्राला पुरती बसत नाही, ती जागा मोकळेपणाने दाखवली तर विश्लेषणाला वजन येते.

न बोलण्याचेही असेच आहे. दहावा सदस्य आरोपीच्या वस्तीतील लोकांविषयी द्वेषाने बोलू लागतो तेव्हा एकेक जण टेबलावरून उठून त्याच्याकडे पाठ फिरवतो, आणि 'माझे ऐका' या विनवणीला चौथा सदस्य, आपण ऐकले आहे, आता बसा आणि पुन्हा तोंड उघडू नका, असे उत्तर देतो. त्या वेळी चौथ्याचे मतही 'दोषी' असेच आहे. विरोधकाने फटकारले असते तर दहावा भांडला असता; स्वतःच्या बाजूच्या माणसाने गप्प केल्यावर तो कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसतो. मात्र देहबोलीवर लिहिताना संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो हे लोकप्रिय विधान कृपया वापरू नये. ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या भावना आणि आवडनिवड यांविषयीच्या मर्यादित प्रयोगांवरून आले आहे आणि सर्व संवादांना लागू नाही.

आणखी एक भेद सांभाळावा लागतो: पात्रे एकमेकांवर काय परिणाम करतात आणि चित्रपट आपल्यावर काय परिणाम करतो. ल्यूमेट यांनी कॅमेरा आरंभी नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीवर आणि शेवटी खाली नेला व क्रमाने अधिक लांब केंद्रांतराच्या लेन्स वापरल्या, त्यामुळे खोली आकसत गेल्यासारखी भासते. हा कोंडमारा प्रेक्षकाला होतो. तेवढ्यावरून तो पात्रांच्या वागण्याचे कारण होता असे लिहिता येणार नाही. खोलीतील उकाडा आणि बंद पंखा मात्र पात्रांनाही जाणवतो, म्हणून त्याचा उल्लेख संवादाच्या परिस्थितीत करता येईल.

बाराही जणांवर लिहिण्याचा मोह टाळून आठवा आणि तिसरा ही एकच जोडी घ्यावी, असे मी सुचवेन. त्यांचे दोन प्रसंग पुरेसे आहेत: एक वर सांगितलेला चिडवण्याचा, आणि दुसरा अखेरचा, ज्यात तिसरा कोसळल्यावर आठवा त्याचा कोट आणून त्याला घालायला मदत करतो. आधी दोन्ही प्रसंगांतील बोलणे, अंतर आणि नजर यांचे कोणतेही विशेषण न लावता वर्णन करावे, आणि अर्थ लावण्याचे काम त्यानंतरच्या परिच्छेदासाठी राखून ठेवावे.