‘मी गांजा ओढतो, म्हणून दिवस राहत नाहीत का?’

फाइल बायकोची होती आणि ती घेऊन तो एकटाच आला होता. शुक्रवारची संध्याकाळ, दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दिवसातली शेवटची वेळ त्याने मुद्दाम मागून घेतलेली. जाडजूड निळी फाइल, आत दोन वर्षांचं सगळं: थायरॉइड, स्त्रीबीजांचा साठा सांगणारी एएमएच, तीन महिन्यांच्या सोनोग्राफ्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी. मी एकेक कागद उलटत शेवटपर्यंत गेले. त्याच्या नावाचा एकही कागद त्यात नव्हता.

“तुमची तपासणी?”

“डॉक्टरांनी दोनदा लिहून दिली होती. मी गेलोच नाही.” मग त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि एका दमात म्हणाला, “मॅडम, मी गांजा ओढतो. कॉलेजपासून. रोज रात्री एक जॉइंट, सुट्टीला दोन-तीन. त्यामुळेच दिवस राहत नाहीत का? आणि राहिले, तर बाळाला काही होईल?”

त्याला अमेय म्हणूया, तिला श्रुती. नावं, नोकऱ्या, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तो ३३ वर्षांचा, अंधेरीच्या एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करतो, कांजूरमार्गला घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजतात. ती ३१ वर्षांची, शाळेत शिकवते. घरात अमेयची आई. हाच प्रश्न माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो, बहुतेक वेळा ‘एका मित्राचं विचारायचं होतं’ असं म्हणत. अमेयने मित्र मध्ये आणला नाही, तिथेच मला त्याच्याबद्दल आशा वाटली.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर श्रुती पाळीच्या तारखेला लाल टिंब करायची आणि मधल्या पाच-सहा दिवसांखाली पेन्सिलीने रेघ ओढायची. त्या रेघेच्या दिवसांत तो नेमका जास्त ओढायचा. “घरी जाताना परीक्षेला चाललोय असं वाटतं,” तो म्हणाला. पुडी आणि कागद चष्म्याच्या जुन्या केसमध्ये. गच्चीवर टाकीमागे उभं राहायचं, खाली येताना बडीशेप तोंडात टाकायची. श्रुतीला वाटायचं, सिगारेट ओढून येतो. तेही अर्धं खरंच होतं, कारण सिगारेटमधला तंबाखू काढून त्यातच तो माल मिसळायचा. हा तंबाखू कुणी हिशेबात धरत नाही. शुक्रजंतूंना तंबाखूचा धूर बाधतो, हे गांजाच्या परिणामांपेक्षाही पक्कं ठाऊक आहे.

मी त्याला सांगितलं, “गांजामुळेच अडलंय असं मी म्हणणार नाही. पण त्याने काही फरक पडत नाही, असंही म्हणू शकत नाही.” आणि पुढचं समजावलं, ते इथेही लिहिते.

आपल्या शरीरात गांजासारखंच काम करणारा एक पदार्थ मुळातच असतो. १९९२ साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला आणि आपल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. तो मेंदूत असतो तसा वीर्यातही असतो. शुक्रजंतूंनी कधी शांत राहायचं आणि कधी जोर धरायचा, यात त्याचा हात असतो. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, नेमका त्याच जागी जाऊन बसतो आणि ही घडी विस्कटू शकते.

माणसांवरचे अभ्यास मात्र सगळे एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत. डेन्मार्कमध्ये १,२१५ तरुणांच्या पाहणीत, आठवड्यातून एकदापेक्षा जास्त ओढणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी निघालं. ते २०१५ मध्ये छापून आलं. २०१९ मध्ये बॉस्टनहून उलटीच बातमी आली: वंध्यत्वाच्या क्लिनिकमध्ये आलेल्या ६६२ पुरुषांत, आयुष्यात कधीतरी ओढलेल्यांचे आकडे न ओढलेल्यांपेक्षा चांगले. ही दुसरी बातमी व्हॉट्सॲपवर फार फिरली, अमेयच्याही मोबाइलमध्ये होती. पण त्यातले बहुतेक जण पूर्वी ओढून सोडून दिलेले होते, रोज रात्री ओढणारे नव्हते. अमेयने स्वतःला त्यांच्यात बसवू नये, हे मी त्याला स्पष्टच सांगितलं.

बाळाबद्दलचा त्याचा प्रश्न जास्त हळवा होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांना ओढणाऱ्यांच्या शुक्रजंतूंत डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या दिसल्या. अभ्यास अगदी छोटा, २४ पुरुषांचा. त्यावरून बाळात दोष येणारच असं कुणी म्हणू नये, आणि जी मंडळी इंटरनेटवर तसं म्हणून बापांना घाबरवतात त्यांचा मला राग येतो. त्याच गटाला पुढे असंही दिसलं की ७७ दिवस बंद ठेवल्यावर या खुणा बऱ्याच ओसरतात. उत्तर अमेरिकेतल्या जोडप्यांच्या आणखी एका पाहणीत, नवरा आठवड्यातून एकदा किंवा जास्त ओढत असेल तर गर्भपाताचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. तेव्हा ‘पोटात बाळ तर ती वाढवणार, माझं काय जातं’ हे म्हणणंही सोडून द्यायला हवं.

७७ दिवसांचा आकडा उगाच नाही. एक शुक्रजंतू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि पूर्ण तयार होऊन बाहेर पडायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज सोडलं तर फळ तीन महिन्यांनी. तपासणीच्या आदल्या दिवशी बंद करून उपयोग नाही. टीएचसी चरबीत साठतो आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरातून निघायला कित्येक आठवडे घेतो. आणि भांगेतही टीएचसीच असतो, म्हणून शिवरात्र-होळीची सूट नाही.

मी त्याला दोन कामं दिली. तपासणी सोमवारीच करायची, सोडण्याची वाट न बघता. आणि श्रुतीला सांगायचं. दुसरं काम ऐकून त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस येतील, ही भीतीही त्याने बोलून दाखवली. डॉक्टर किंवा समुपदेशक पेशंटच्या व्यसनाची वर्दी देत नाहीत. शिवाय अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यातच कलम ६४ए आहे: स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या खटल्यातून संरक्षण मिळू शकतं.

पुढच्या आठवड्यात दोघं आली. रिपोर्ट आला होता: मिलीलिटरमागे ९० लाख शुक्रजंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचाल २६ टक्के, तिथे ४२ हवी. श्रुतीने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. गांजाबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही.

“त्या एचएसजीच्या वेळी माझ्या पोटात रंग सोडत होते ना, मी किंचाळले होते. तू बाहेर बसला होतास. तेव्हा तरी सांगायचंस. आणि आई शेजारणीला माझं काहीतरी बिघडलंय म्हणून सांगतात, तेव्हा तरी.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही मध्ये पडले नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाचा भाग असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. तरी बाईची फाइल जाड होत जाते आणि पुरुषाची साधी, सुई न टोचता होणारी तपासणी राहून जाते. वीस वर्षं हे बघते आहे, अजून सवय होत नाही.

मी अमेयला यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे डाव्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या सापडल्या, व्हेरिकोसील. सगळं खापर गांजावर फोडून तो घरी बसला असता, तर हे कळलंच नसतं. डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा रिपोर्ट बघायचं ठरवलं.

सोडणं सोपं गेलं नाही. पहिला आठवडा झोप नाही, अंगाला घाम, चित्रविचित्र स्वप्नं, ताट पुढे आलं की चिडचिड. हे होणार म्हणून आधी सांगितलं होतं, आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं हेही. एकोणिसाव्या दिवशी विरारला मित्राच्या साखरपुड्यात त्याने पुन्हा ओढला. त्याच रात्री लोकलमधून श्रुतीला फोन करून सांगितलं. माझ्या लेखी त्या फोनची किंमत एकोणीस दिवसांहून जास्त आहे. कुणाला एकट्याने जमत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाचं काही बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट: १ कोटी ७० लाख, हालचाल ३९ टक्के. हे गांजा सोडल्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. तंबाखूही सुटला होता, झोप सुधारली होती, आणि एकाच माणसाचे दोन रिपोर्ट एरवीही वेगळे येतात.

अजून दिवस राहिलेले नाहीत. पुढच्या पाळीनंतर डॉक्टरांकडे दोघांची वेळ घेतली आहे, त्या शिरांच्या शस्त्रक्रियेचं तेव्हा ठरेल. दर दोन-तीन दिवसांनी जवळीक असेल तर तारखा मोजाव्या लागत नाहीत, एवढं मी मागे बोलले होते. कालनिर्णयवर आता फक्त लाल टिंबं असतात, श्रुती सांगत होती. पेन्सिलीच्या रेघा तिनेच बंद केल्या.