खेड्यातल्या दूध मंडळीसाठी, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेसाठी, मशीन बनवतोय. किंमत किती खाली आणली म्हणजे खपेल?

तुम्ही लिहिलंय की वजन-फॅटचं मशीन आणि सोबत मोबाइल ॲप तयार आहे, आता किमतीचा आकडा तेवढा ठरवायचा आहे. हाच वाद आमच्या वडोदऱ्याच्या घरात कित्येक वर्षं चाललाय, म्हणून लिहायला बसले.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमची शेड होती. इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट मोजायचं यंत्र, छोटा संगणक आणि प्रिंटर असं सगळं जोडून आम्ही मंडळ्यांना बसवून द्यायचो. ॲसिड, ब्युटिरोमीटर, सेंट्रिफ्यूज या जुन्या पद्धतीत फॅटचा आकडा कळेपर्यंत पुढचं दूध घालायची वेळ यायची. आमच्या जोडणीत बाई कॅन रिकामा करून बाजूला होईपर्यंत लिटर, फॅट आणि रुपये छापून तिच्या हातात पडायचे.

माझे थोरले दीर हिशेबाला पक्के. त्यांचं म्हणणं, बॅटरी काढा, प्रिंटर काढा. आकडा पडद्यावर दिसतोच, मंत्री (आमच्याकडे मंडळीच्या सचिवाला मंत्री म्हणतात) वहीत उतरवून घेतील, आणि आपण बाजारात सगळ्यात स्वस्त. त्यांनी तसा नमुना तयारही करून घेतला. पादरा तालुक्यातल्या एका मंडळीत तो लावायला मी गेले. संध्याकाळची वेळ, बायकांची रांग रस्त्यापर्यंत, आणि ऐन दूध घेताना लाइट गेली. मशीन बंद. मंत्र्यांनी मुकाट्याने जुनं माप आणि वही काढली. लाइट आल्यावर पुन्हा सुरू केलं, तर पडद्याचं तोंड मंत्र्यांकडे. समोरच्या बाईने दूध ओतलं आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाली, “बेन, चिठ्ठी?” तिचं माहेर शेजारच्या गावातलं, तिथे चिठ्ठी मिळते हे तिला माहीत होतं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. घरी मुलगी वाचून दाखवणार होती. चिठ्ठी नाही म्हटल्यावर ती काही बोलली नाही, पण मागच्या चार बायका बोलल्या, आणि मंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी मशीन परत न्यायला सांगितलं. किंमत त्यांनी विचारलीसुद्धा नाही.

दिरांना हे अजून पटलेलं नाही. “मंडळीच वाईट निवडली” असं ते आजही दिवाळीला म्हणतात. मी म्हणते, ज्या दोन वस्तू तुम्ही काढल्यात त्यांच्यासाठीच लोक पैसे मोजत होते.

मग परवडायचं कसं? मंडळीकडे एकरकमी पैसे नसतात, पण दूध रोज दोनदा येतं आणि पगार, म्हणजे दुधाचे पैसे, ठरलेल्या दिवशी होतो. आम्ही मशीन आमच्या खर्चाने बसवलं आणि मंडळीच्या वाट्यातून लिटरमागे काही पैसे घेतले, दुरुस्ती त्यातच. मशीन बंद तर आमची मिळकत बंद, त्यामुळे फोन आला की कारागीर त्याच दिवशी निघायचा. दीर याला उधारी म्हणायचे. उधारीत माल दिला की आपला संबंध फक्त वसुलीपुरता उरतो. इथे मशीन चालू ठेवणं हाच आमचा धंदा होता.

ही अक्कल काही आमची नव्हे. दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. त्यांच्या पुढाकाराने १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथे खेड्यांसाठी १२८ लाइनींचं टेलिफोन एक्सचेंज बनलं, उन्हाधुळीत एअर कंडिशनरशिवाय चालणारं. आणि घराघरात फोन विकत बसण्याऐवजी पिवळ्या पाटीचे पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचे बूथ, निघाले. बूथवाल्याला कमिशन, गिऱ्हाइकाला बोलेल तेवढंच बिल. केनियात २००७मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, आणलं तेही साध्या फोनवर आणि कोपऱ्यावरच्या कमिशन एजंटांच्या जोरावर. दोन्हीकडे आधी पैसा कुठून, कुणाकडून आणि केव्हा येणार ते ठरलं.

म्हणून आकडा मी सांगणार नाही. आधी एखाद्या मंडळीत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उभे राहा आणि दूध घालणाऱ्या बाईला काय हवंय ते बघा. ॲप मंत्र्यांच्या फोनवर असेल तर तिला त्याचा उपयोग शून्य. एसएमएस पाठवा, पण छापील चिठ्ठीही ठेवा. बॅटरी काढू नका. कुणीही सांगितलं तरी काढू नका, विशेषतः घरातल्यांनी.

एक मात्र लक्षात घ्या. लिटरमागे पैसे हे गणित जमलं कारण मंडळीचा सगळा पैसा एकाच वहीतून जातो आणि दूध विकत घेणाऱ्या जिल्हा दूध संघाचा पगार वेळेवर येतो. मशीन बसवायला लागणारं भांडवलही आधी आपल्याकडे हवं. आम्ही त्यासाठी शेड गहाण टाकली होती. हेच ॲप उद्या किराणा दुकानांना द्यायचा विचार असेल तर प्रत्येक व्यवहारामागे काही कापता येईल असं धरून चालू नका. जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. म्हणूनच पैसे आल्याचं बोलून सांगणारे ते डबे महिन्याच्या भाड्याने दिले जातात. तिथे तुम्हालाही भाडंच लावावं लागेल.