टेंटमध्ये झोपून दम वाढतो का?

प्रश्न : सर, मी साताऱ्याचा, हाफ मॅरेथॉन पळतो, बक्षिसाच्या पैशावरच सगळं चाललंय. ग्रुपमधला एकजण म्हणतोय बेडवर लावायचा अल्टिट्यूड टेंट भाड्याने घे, रात्री आठ तास झोपलास की केनियात राहिल्यासारखंच. आई म्हणते गुदमरशील. आणि महाबळेश्वर एवढं जवळ असताना पैसे घालवायचे कशाला?

उत्तर : महाबळेश्वरचं आधी सांगतो, कारण साताऱ्यातून हे कायम विचारतात. ते जेमतेम 1350 मीटरवर आहे, हवा मस्त पण रक्तात फरक पडायला साधारण 2000 ते 2500 मीटर लागतात, केनियातलं इटेन 2400 च्या आसपास, आपलं उटी 2240. यवतेश्वरचा घाट मार की रोज, पाय तयार होतील, रक्ताचं काम त्याने होणार नाही.

टेंटमध्ये हवेचा दाब तोच राहतो, मशीन फक्त ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 15-16 वर आणतं, की झाले अडीच हजार मीटर. मग किडनी ईपीओ नावाचं, लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन सोडते आणि लाल पेशी वाढायला लागतात, पण हे सगळं सावकाश. लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांचा 1997 चा अभ्यास सगळे सांगतात ना, राहायचं 2500 मीटरवर आणि ट्रेनिंग 1250 वर, 5000 मीटरला साधारण 13 सेकंद कमी झाले, पण ती पोरं चार आठवडे खरोखर डोंगरावर मुक्कामाला होती. टेंटमध्ये तेवढं हवं तर रोज 12-14 तास, तेही तीन-चार आठवडे सलग. आठ तासांत भाडं जाईल आणि हाती फारसं काही लागणार नाही. म्हणजे संध्याकाळी मोबाईल बघायचा तोही आतच बसून, जमेल का बघ.

आईचं अगदीच चुकत नाही हां. लाईट गेली की मशीन बंद, ताजी हवा बंद, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्यामुळे आपल्याकडे इन्व्हर्टरशिवाय हे करूच नये. शिवाय एप्रिल-मे मध्ये आत नुसतं उकडतं, झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचं इंटरव्हल (जोरात-हळू असं आलटून पालटून पळणं) गेलंच समज. पहिल्याच रात्री 2500 वर सेट करू नको, 1500 पासून हळूहळू चढव, बोटाला ऑक्सिमीटर ठेव, डोकं दुखलं तर सरळ बाहेर ये.

वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, 2006 मध्ये यावर बंदीचा विचार केला होता पण घातली नाही, तेव्हा डोपिंगची काळजी नको. आणि ते तोंडाला लावायचे ट्रेनिंग मास्क घेऊ नको, त्यात श्वास जड होतो, हवेतला ऑक्सिजन आहे तेवढाच राहतो.

सगळ्यात आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घे. लांब पळणाऱ्यांचं लोह बऱ्याचदा कमी निघतं, लाल पेशी बनतात त्या लोहावरच, आणि विटाच नसताना गवंडी बोलावून काय करणार? कमी आलं तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नको. रिपोर्ट चांगला आला तरी एकदा हिशोब कर, टेंटचं भाडं, एसीचं बिल, इन्व्हर्टर, सगळं धरून. मला विचारशील तर त्या पैशात दोघातिघांनी मिळून उटीला महिनाभर खोली घ्या.