कित्तूरचा वाडा नेमका कशाने पडला?

प्रश्न : सुट्टीत मुलांना कित्तूरला नेलं. राणी चन्नम्मांचा राजवाडा म्हणून दाखवतात तिथे नुसत्या जाड भिंती उरल्यात, वर आभाळ. हा वाडा इंग्रजांच्या तोफांनी पाडला ना? आणि एवढ्या मोठ्या संस्थानाचा वाडा मातीचा कसा? आमच्याकडच्या देसायांच्या पडक्या वाड्यांची माहिती कुठे मिळेल?
– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी भिंत बघतो.

कित्तूरकर मूळचे सागर (जि. शिमोगा) या गावाकडचे व्यापारी. हिरेमल्लशेट्टी आणि चिक्कमल्लशेट्टी हे भाऊ १५८५ च्या सुमारास आदिलशाही फौजेबरोबर इकडे आले, लढाईत नाव काढलं, हुबळी परगण्याची सरदेशमुखी मिळवली आणि संपगावात राहिले. पुढे १६६० नंतर अल्लप्पगौडा सरदेसाईंनी कारभार कित्तूरला हलवून गढी उभारली. बाहेर खंदक, मग तट आणि आत राहतं घर. देसायाला, म्हणजे परगण्याच्या वतनदाराला, वसुली, न्यायनिवाडा, शिबंदी (पदरची फौज) सगळं दारातूनच चालवावं लागे, म्हणून घराला तट लागायचा.

भिंती वीट, माती आणि चुन्याच्या आहेत, वर घोटलेला गिलावा. मातीत कमीपणा काही नाही. जाड भिंतीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो, आणि डोक्यावर छप्पर असेल तर असं घर दोन-तीनशे वर्षं सहज टिकतं. छप्पर गेलं की मात्र पावसाचं पाणी माथ्यावरून आत मुरतं. गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात, मग वीट उघडी पडून पावसाळ्यागणिक झिजत जाते. पुन्हा गेलात तर एखादी कड जवळून बघा. गिलावा शाबूत आहे तिथे कोपरा अजून ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा आहे. तो सुटलाय तिथे भिंत खाली रुंद आणि वर निमुळती झालीय. तोफगोळ्याने भिंत अशी झिजत नाही, हे पाण्याचं काम आहे. न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी भिंतीत ठेवलेलं गोल भोक मुलांना जरूर दाखवा. माझ्या मते कित्तूरची खरी श्रीमंती त्या न्हाणीघराच्या कामात दिसते.

आता तोफांचं. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेताना याच कित्तूरने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मदत केली होती. तरी १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई, चन्नम्मांचे सावत्र मुलगे शिवलिंगरुद्रसर्जा वारले तेव्हा कंपनीने त्यांचं दत्तकविधान मानलं नाही. धारवाडचा कलेक्टर थॅकरे खजिन्यावर पहारा बसवायला आला आणि २३ ऑक्टोबरला लढाईत मारला गेला. मग कंपनीने मोठी फौज आणि तोफखाना आणला, तटाला खिंडार पाडलं आणि ५ डिसेंबरला गढी घेतली. म्हणजे तोफा चालल्या, पण त्या तटावर. घर मेलं ते देसगत, म्हणजे देसायाचं संस्थान, खालसा झाल्यामुळे. काकतीच्या देसायांची लेक असलेल्या चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथेच १८२९ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळायला लावणारं, गळती बुजवणारं घरधनी माणूसच राहिलं नाही. ज्यांनी ती देसगत मोडली, त्यांनीच वाडा पाडला असं मी म्हणेन.

तुम्ही नंदगडचे, तेव्हा हे सांगायलाच हवं. ही देसगत परत मिळावी म्हणून कित्तूरचा शिपाई संगोळ्ळी रायण्णा लढला. तुमच्या शेजारच्या बिडीची सरकारी कचेरी त्याने जाळली आणि १८३१ च्या जानेवारीत तुमच्याच गावात तो फासावर गेला. मुलांना कित्तूर दाखवलंत, आता गावातली समाधीही दाखवा आणि ही गोष्ट पुरी सांगा.

तुमच्याकडच्या वाड्यांविषयी : इंग्रजांनी दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू केली आणि १८५२ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा वतनदारांकडून सनदा, वंशावळी, हक्काचे कागद मागवले गेले. त्या चौकशीचं दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात आहे. बरंचसं मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या आणि वतनाच्या गावाचं व परगण्याचं जुनं नाव लिहून न्या. देसाई-देशपांड्यांची वतनं मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने गेली. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता, त्यामुळे बऱ्याच घरांत वतन गेल्याच्या वेळचे कागद ट्रंकेत पडून असतात. आधी तेच मागा. आणि कुणी त्या वाड्याच्या जोत्याचे दगड उपसून नेत असेल तर गावात चार माणसं बोलावून त्याला थांबवा. जोतं गेलं की घर केवढं होतं हेही सांगता येत नाही.